तक्ता, चाचणी आणि समोरचे मूल : वाचकांचे प्रश्न

जन्मापासून शाळेत पाऊल टाकेपर्यंतच्या वयातील मुलांचा विकास कसा पडताळावा, या विषयावर आलेल्या पत्रांतून सहा प्रश्न या वेळी निवडले आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. उत्तरे पत्रांतील माहितीवरच बेतलेली आहेत. त्यामुळे मूल प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचे मत येथील मतापेक्षा वेगळे असेल, तर त्यांचेच मत ग्राह्य धरावे.

प्रश्न : आमची मुलगी दहा महिन्यांची आहे. तिचा जन्म गरोदरपणाच्या ३२व्या आठवड्यात झाला. ती आधाराने बसते; आधार काढला की थोड्याच वेळात कलंडते. रांगत तर मुळीच नाही. मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये तिच्या वयापुढे लाल खूण येते. त्याच महिन्यात जन्मलेली नात्यातली दुसरी मुलगी आता धरून उभी राहू लागली आहे. आम्ही अजून किती दिवस वाट पाहावी?

उत्तर : वाट पाहण्याचा विचार करण्याआधी मुलीचे वय नीट मांडून घ्यायला हवे. गरोदरपणाचा पूर्ण काळ ४० आठवड्यांचा धरतात आणि आपली मुलगी त्याच्या ८ आठवडे आधी जन्मली. जन्म लवकर झाला म्हणून मेंदूची आणि स्नायूंची घडण लवकर पुरी होत नाही. म्हणूनच ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या मुलांचे टप्पे पाहताना जेवढे आठवडे कमी पडले तेवढे वयातून वजा करतात. या हिशेबाने आपली मुलगी आज साधारण आठ महिन्यांची आहे. ही वजाबाकी सर्वसाधारणपणे मूल दोन वर्षांचे होईपर्यंत चालू ठेवावी. (लसीकरणाला मात्र ती लावायची नसते, लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात. या दोन गोष्टींची अनेक घरांत गल्लत होते.) ॲपमध्ये जन्माचा आठवडा नोंदवलेला नसेल, तर लाल खूण येणारच, आणि नात्यातली मुलगी पूर्ण दिवसांची असेल, तर ती आपल्या मुलीहून दोन महिन्यांनी मोठी आहे असे समजावे.

दुसरा मुद्दा तक्त्यातल्या आकड्यांचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील ८१६ निरोगी मुलांच्या हालचाली प्रशिक्षित निरीक्षकांनी ठरावीक अंतराने पाहून नोंदवल्या. आधाराशिवाय बसण्याचे वय या मुलांत ३.८ महिन्यांपासून ९.२ महिन्यांपर्यंत पसरलेले आढळले आणि स्वतंत्रपणे चालण्याचे वय ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत. दोन निरोगी मुलांच्या पहिल्या पावलांत नऊ महिन्यांचे अंतर असू शकते, हे एकदा मनात पक्के बसले की तुलनेचा निम्मा ताप कमी होतो. याच अभ्यासात ४ टक्क्यांहून थोडी अधिक मुले हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत, तरीही पुढे उभी राहिली आणि चालली. काही मुले बसल्या बसल्या सरकतात, काही पोटावर सरपटतात. म्हणून रांगत नाही ही तक्रार आपण यादीतून काढून टाकली तरी चालेल.

तक्ता हाती घेताना त्यातला आकडा नेमके काय सांगतो, हेही विचारावे. काही तक्त्यांत निम्म्या मुलांना एखादी गोष्ट जमते ते वय छापलेले असते. म्हणजे उरलेली निम्मी निरोगी मुले त्या तक्त्यानुसार ‘मागे’च ठरतात. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २०२२ मध्ये आपल्या याद्या बदलल्या आणि ज्या वयात ७५ टक्के किंवा त्याहून अधिक मुलांना ती गोष्ट जमण्याची अपेक्षा असते, ते वय दिले. तिसऱ्या प्रकारच्या तक्त्यांत शेवटची मर्यादा असते; ती ओलांडली तर तपासणी टाळू नये. एकाच टप्प्यासाठी तीन ठिकाणी तीन आकडे दिसतात, त्याचे कारण बहुधा एवढेच असते.

आता बसण्याविषयी. दुरुस्त केलेल्या वयाने मुलगी अजून मर्यादेच्या आत आहे. पण मुदतीआधी जन्मलेल्या मुलांमध्ये विकासाच्या अडचणींचा धोका अधिक असल्याने नुसत्या वजाबाकीवर समाधान मानणे योग्य नाही. ती बसते की नाही, यापेक्षा ती कशी बसते हे पाहावे. बसवल्यावर दोन्ही तळहात पुढे टेकून तोल सावरू पाहते का? अंग ताठर किंवा अगदी ढिले वाटते का? कपडे बदलताना मांड्या सहज फाकतात की एकमेकींवर आवळल्या जातात? मुठी उघड्या असतात का, खेळणे या हातातून त्या हातात घेते का, दोन्ही हात सारखेच वापरते का? नाव घेतल्यावर वळते का आणि ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरांची माळ लावते का? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर दुरुस्त वय नऊ महिने होईपर्यंत तिला जमिनीवर भरपूर खेळू द्यावे आणि तोवरही आधाराशिवाय बसली नाही, तर बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची सविस्तर तपासणी करून घ्यावी. अंग ताठर वाटत असेल किंवा एक बाजू कमी हलत असेल, तर महिनाभरही थांबू नये. डोळ्यांच्या पडद्याची आणि श्रवणाची तपासणी झाली आहे ना, हेही जुन्या कागदांत पाहून घ्यावे. ३२ आठवड्यांच्या बाळाच्या बाबतीत ती राहून जाता कामा नये. तिला वॉकरमध्ये उभे करू नये. वॉकरने चालणे लवकर येत नाही आणि अपघात मात्र होतात; कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली, ती याच कारणासाठी.

प्रश्न : दीड वर्षाच्या मुलाच्या नेहमीच्या तपासणीत आम्हाला वीस प्रश्नांची यादी भरायला दिली. पाच गुण आले आणि ‘मध्यम जोखीम’ असे लिहून मिळाले. पुढच्या आठवड्यात त्यावर पुन्हा बोलायला बोलावले आहे. पत्नीची समजूत झाली आहे की मुलाला ऑटिझम असल्याचे ठरले. मला वाटते की हो-नाहीच्या वीस प्रश्नांवरून काहीही ठरत नाही. आमच्यापैकी कोणाचे बरोबर?

उत्तर : काहीही ‘ठरत’ नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे; पण म्हणून ती यादी निरुपयोगी आहे, असा अर्थ आपण काढत असाल, तर तो चुकीचा आहे. आपण भरलेली यादी बहुधा एम-चॅट या नावाने ओळखली जाणारी, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठीची असावी. तिच्यात ० ते २ गुण कमी जोखमीचे, ३ ते ७ मध्यम आणि ८ ते २० अधिक जोखमीचे मानतात. गुण मध्यम आले की ज्या प्रश्नांची उत्तरे खटकली, तेवढ्यांवर पालकांशी पुन्हा सविस्तर बोलायचे असते. त्या बोलण्यानंतर दोन किंवा अधिक गुण शिल्लक राहिले, तरच मुलाला निदानासाठी तज्ज्ञांकडे पाठवतात. आपली पुढच्या आठवड्यातली भेट हा त्या चाचणीचाच दुसरा अर्धा भाग आहे. तो न करता पहिल्या अर्ध्यावरून निष्कर्ष काढणे, हे पत्नीच्या भीतीइतकेच आपल्या बेफिकिरीलाही लागू पडते.

चाळणी तपासणी आणि निदान यांतला फरक आकड्यांनी लवकर कळतो. समजा, १०० मुलांपैकी १० जणांना खरोखर मदतीची गरज आहे आणि हातात अशी चाळणी आहे, जी गरज असलेल्यांपैकी ८० टक्क्यांना पकडते आणि गरज नसलेल्यांपैकी ८० टक्क्यांना योग्य रीतीने सोडून देते. विकासाच्या चाळणीकडून सामान्यतः एवढीच अपेक्षा ठेवता येते. तिच्यातून १० पैकी ८ मुले सापडतील. पण उरलेल्या ९० पैकी १८ मुलेही अडकतील. म्हणजे ज्या २६ घरांत चिठ्ठी जाईल, त्यांतल्या १८ घरांत पुढे निदान काहीच निघणार नाही, आणि दोन घरांत सारे ठीक असल्याचा निरोप जाईल, जो खरा नसेल. दुसऱ्या फेरीच्या प्रश्नांनी त्या १८ पैकी बरीच मुले वेगळी काढता येतात. पालकांना या गणिताची कल्पना न देता नुसता ‘मध्यम जोखीम’ असा शिक्का हातात देणे हे मला गैर वाटते. दोन वाक्ये अधिक बोलली असती, तर आपल्या घरातला हा आठवडा बराच सुसह्य झाला असता.

दुसऱ्या फेरीत नेमके काय विचारतात, याचे एक उदाहरण देतो. ‘मूल बोट दाखवते का?’ या प्रश्नाला पुष्कळ पालक ‘हो’ म्हणतात, कारण मूल फडताळावरच्या डब्याकडे बोट करते. तपासणाऱ्याला दोन वेगळ्या गोष्टी हव्या असतात. डबा हवा म्हणून केलेले बोट ही मागणी असते. आकाशातून विमान जाताना मूल बोट वर करते, मग वळून आपल्या चेहऱ्याकडे पाहते, आपण पाहिले याची खात्री करून पुन्हा विमानाकडे पाहते. तेव्हा त्याला काहीच नको असते, आपल्यालाही ते दिसावे एवढेच हवे असते. हे दुसरे बोट दीड वर्षाच्या वयात दिसायला हवे आणि ते दिसत नसेल, तर ती नोंद महत्त्वाची असते. उलट काही पालक ‘नाही’ लिहितात, कारण मूल तर्जनीऐवजी पूर्ण हात पुढे करते. बारकाईने विचारल्यावर नजरेची ती ये-जा त्याच्यात व्यवस्थित असल्याचे कळते आणि गुण उतरतात. भेटीला जाण्यापूर्वी दोघांनी मिळून दोन-तीन दिवस हे पाहावे, कारण आई-वडिलांपुढे एकच मूल वेगळे वागत असते.

भेटीनंतर गुण उतरले, तरी दोन वर्षांच्या वयात ही यादी पुन्हा भरावी. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सर्वसाधारण विकासाची चाळणी ९, १८ आणि ३० महिन्यांना आणि ऑटिझमची १८ आणि २४ महिन्यांना करावी, अशी शिफारस केली आहे, कारण एका वयात न दिसलेली गोष्ट पुढच्या वयात दिसू शकते. गुण उतरले नाहीत, तर तज्ज्ञांची वेळ मिळेपर्यंतचे महिने रिकामे जाऊ देऊ नयेत. बोलणे, खेळणे, नजर जुळवणे यांवरचे काम निदानाचा कागद हाती येण्याआधी सुरू करता येते आणि पुढे काहीच निघाले नाही, तरी त्याने मुलाचे नुकसान होत नाही.

प्रश्न : माझा नातू सव्वादोन वर्षांचा आहे. आठ-दहा शब्द बोलतो. दोन शब्द जोडत नाही. समजते मात्र सगळे. त्याचे वडीलही तिसऱ्या वर्षी बोलायला लागले होते. घरात दोन भाषा बोलल्या जातात, त्याचाही परिणाम असेल. सूनबाई तपासणीसाठी हट्ट धरून बसल्या आहेत. मुलगे उशिराच बोलतात, एवढी घाई कशाला?

उत्तर : आजोबा, या वादात मी सूनबाईंच्या बाजूचा आहे. उशिरा बोलणाऱ्या मुलांपैकी बरीच मुले पुढे बरोबरीला येतात, हे खरे आहे आणि आपल्या चिरंजिवांच्या बाबतीत तसेच झाले असणार. अडचण अशी की सव्वादोन वर्षांच्या दोन अबोल मुलांपैकी कोणते आपोआप बोलेल आणि कोणते अडून राहील, हे नुसते पाहून सांगता येत नाही. दोन वर्षांपर्यंत साधारण ५० शब्द आणि ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशा दोन शब्दांच्या जोड्या अपेक्षित असतात. आठ-दहा शब्द त्याच्या बरेच खाली आहेत. मुलगे सरासरीने मुलींपेक्षा थोडे मागे असतात, पण तो फरक काही आठवड्यांचा किंवा एखाद्या महिन्याचा असतो. त्याच्या आधारे वर्षभर थांबणे योग्य होत नाही.

सर्वांत आधी श्रवणाची तपासणी करावी. जन्मतः झालेल्या चाचणीत ‘पास’ असा शेरा असला, तरी ऐकणे नंतर कमी होऊ शकते. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत कानाच्या पडद्यामागे पाणी साठून आवाज दबून येतात. असे मूल दाराच्या आवाजाला दचकते, म्हणून घरच्यांना वाटते की त्याला ऐकू येते. पण शब्दातली ‘स’, ‘त’, ‘क’ अशी बारीक व्यंजने त्याच्यापर्यंत पोहोचतच नाहीत.

‘समजते सगळे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक पत्रात असते, म्हणून त्याची परीक्षा कशी घ्यावी, ते सांगतो. आपण ‘चप्पल आण’ म्हणतो, तेव्हा नकळत दाराकडे पाहतो, हात करतो, स्वतः उठू लागतो. मूल त्या खुणांवरूनही ओळखते. एकदा नातवाच्या मागे बसून, कोठेही न पाहता, नेहमीच्या वेळेव्यतिरिक्त सांगून पाहावे : ‘चेंडू घे आणि आजीला दे.’ हे दोन-तीनदा जमले, तर समज खरोखर चांगली आहे आणि ती आशादायक गोष्ट आहे. हातवारे, खुणा आणि बाहुलीला भरवणे, खोटा फोन लावणे असे लटके खेळ हीदेखील आशेची चिन्हे आहेत. दोन भाषांमुळे बोलणे अडत नाही. दोन्ही भाषांतले शब्द एकत्र मोजावेत. आपण एकाच भाषेतले मोजले असतील, तर आकडा बदलेल. तपासणी करणाऱ्यांनी ‘घरात एकच भाषा ठेवा’ असा सल्ला दिला, तर त्यांना कारण विचारावे.

पत्रात एका गोष्टीचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो : पूर्वी बोलत असलेले शब्द त्याने सोडून दिले, असे काही झाले आहे का? आलेली गोष्ट नाहीशी होणे, मग ती बोलण्यातली असो, चालण्यातली असो की नजर देण्यातली, कोणत्याही वयात तातडीने दाखवायची असते. तसे नसेल, तर श्रवणचाचणी आणि वाचा-उपचारतज्ज्ञांची एक भेट, एवढ्यानेच सुरुवात होते. नातू वडिलांवर गेला असेल, तर तेही त्याच भेटीत कळेल.

प्रश्न : आठ महिन्यांचा मुलगा सगळ्या वस्तू डाव्याच हाताने घेतो. तो डावखुरा होणार का?

उत्तर : आठव्या महिन्यात डावखुरेपणा ठरत नसतो. हाताची पसंती साधारण दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान पक्की होते. पहिल्या वर्षात एकच हात ठळकपणे वापरला जात असेल, तर प्रश्न वापरल्या जाणाऱ्या हाताचा नसून न वापरल्या जाणाऱ्या हाताचा असतो. डावा हात हलकेच धरून उजवीकडून खेळणे पुढे करावे. उजवा हात येतो का, अंगठा आत दाबून मूठ मिटलेली राहते का, आणि पाठीवर झोपून पाय झाडताना उजवा पाय मागे राहतो का, हे पाहावे. उत्तर काहीही आले, तरी याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. एका बाजूची कमजोरी या वयात ओळखली, तर त्या हाताला कामाला लावण्याचे उपचार लवकर सुरू करता येतात.

प्रश्न : मी बालवाडीत शिकवते. वर्गात तीन ते पाच वर्षांची पंचवीस मुले आहेत. कोणते मूल मागे आहे, हे मला बहुधा जाणवते, पण पालकांना सांगायला आधार नसतो. परीक्षा न घेता मुलांचा विकास कसा नोंदवावा?

उत्तर : आपले पत्र वाचून आनंद झाला, कारण या वयातली सर्वांत विश्वासार्ह माहिती दवाखान्यातल्या अर्ध्या तासापेक्षा आपल्या वर्गात अधिक मिळते. तिला आधार द्यायचा असेल, तर पहिला नियम विशेषणे टाळण्याचा. ‘आळशी’, ‘हट्टी’, ‘मंद’ असे न लिहिता तारीख घालून घडले तेवढेच लिहावे : ‘गोष्ट चालू असताना तीन वेळा उठला, चित्र दाखवल्यावर परत बसला.’ अशा आठ-दहा नोंदी एकत्र वाचल्या की त्यांत काही सूत्र आहे की तो एक वाईट दिवस होता, हे आपोआप दिसते.

दुसरे म्हणजे वर्गातल्या साध्या वस्तूच बरेच काही सांगतात. इंचभर आकाराचे लाकडी ठोकळे विकासाच्या चाचण्यांत पूर्वीपासून वापरले जातात. दोन वर्षांचे मूल साधारण सहा ठोकळ्यांचा मनोरा रचते, तीन वर्षांचे नऊ-दहांचा रचते आणि तीन ठोकळ्यांचा पूलही करते. पेन्सिलीने गोल तिसऱ्या वर्षी, अधिक चिन्ह चौथ्या वर्षी, चौकोन पाचव्या वर्षाच्या आसपास आणि त्रिकोण त्याच्याही नंतर जमतो. येथे एक चूक फार सर्रास होते. मुलासमोर आपण आकृती काढून दाखवली आणि मग त्याला काढायला सांगितली, तर ते आपल्या हाताच्या हालचालीचे अनुकरण करते आणि ते लवकरच्या वयात जमते; वर दिलेली वये तयार आकृती पाहून काढण्याची आहेत. म्हणून कार्डावर आधीच काढलेला आकार पुढे ठेवावा आणि ‘असा काढ’ एवढेच म्हणावे. साडेचार वर्षांचे मूल चौकोन काढताना कोपऱ्याशी थबकते, पेन्सिल उचलते, कागद फिरवते, कधी कोपऱ्याला कानासारखे टोक काढते. हे थबकणे चांगले आहे. इथे दिशा बदलायची आहे, हे त्याला कळले आहे. जे मूल कोपरे न थांबता गोलाईत नेते आणि आपला आकार वेगळा झाल्याचे ज्याला जाणवतही नाही, त्याच्यावर लक्ष ठेवावे. माणसाच्या चित्रावरून बुद्धी मापण्याची पद्धत १९२६ पासून प्रचारात आहे. आपण मात्र त्या मोहात पडू नये. चित्रात हात आहेत की नाहीत, यावरून मूल हुशार की मठ्ठ, हे ठरत नाही.

बोलण्याच्या बाबतीत तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे अनोळखी माणसाला साधारण तीन चतुर्थांश कळायला हवे आणि चार वर्षांच्या मुलाचे जवळजवळ सगळे. आपल्याला सवयीने कळते, म्हणून त्या मुलाला न ओळखणाऱ्या सहकारी बाईंना विचारावे. या वयात शब्द अडखळणे, पुन्हा म्हणणे नेहमीचे आहे. पण बोलताना चेहरा आवळला जात असेल किंवा अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकले असेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पाठवावे. मान वाकडी करून चित्र पाहणारे मूल आणि प्रत्येक सूचना पुन्हा विचारणारे मूल यांना ‘लक्ष नसणारी’ म्हणण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सुचवावे.

पालकांशी बोलताना निदानाचे नाव उच्चारू नये. दोन-तीन नोंदी वाचून दाखवाव्यात आणि ‘घरी असे दिसते का?’ असे विचारून थांबावे. पुष्कळदा पालकांच्या मनात तीच शंका असते आणि कोणीतरी शांतपणे विचारण्याचीच ते वाट पाहत असतात.

प्रश्न : अडीच वर्षांच्या मुलीची विकास-चाचणी केली. अहवालात विकासांक ७८ आला आहे. म्हणजे तिची बुद्धी कमी आहे का? हा आकडा आयुष्यभर राहणार का?

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘या आकड्यावरून तसे म्हणता येत नाही’ असे आहे. आधी अहवालात हा अंक कसा काढला आहे, ते पाहावे. काही चाचण्यांत मुलीचे काम ज्या वयाला साजेसे आहे, त्या वयाला तिच्या खऱ्या वयाने भागून १०० ने गुणतात. ३० महिन्यांच्या मुलीने २४ महिन्यांच्या मुलासारखे काम केले, तर ८० येतात. इतर चाचण्यांत त्याच वयाच्या मोठ्या गटाची सरासरी १०० धरून मुलगी तिच्यापासून किती दूर आहे, ते मोजतात. बेली यांची मापनश्रेणी ही त्यांतली सुपरिचित. १९६९ मध्ये प्रथम निघालेल्या या श्रेणीची चौथी आवृत्ती २०१९ मध्ये आली आणि ती ४२ महिन्यांपर्यंतच्या मुलांना लावता येते. तिच्यात १५ गुणांची एक पायरी मानतात. ८५च्या खाली एक पायरी आणि ७०च्या खाली दोन पायऱ्या. ७८ या दोहोंच्या मध्ये येतात. ‘लक्ष द्यावे, मदत सुरू करावी’ असा त्याचा अर्थ आहे.

एकत्रित अंकापेक्षा त्यातले भाग अधिक बोलके असतात. भाषेत ६५ आणि हालचालीत ९५ असणारी मुलगी आणि सगळीकडे ७८ असणारी मुलगी यांची गरज पूर्णपणे वेगळी असते, म्हणून अहवालात प्रत्येक क्षेत्राचा वेगळा अंक नसेल, तर तो मागून घ्यावा. चाचणीच्या दिवशी मुलीला झोप आली होती का, ताप येऊन गेला होता का, सूचना तिच्या घरच्या भाषेत दिल्या होत्या का, हेही त्यात लिहिलेले असायला हवे. चाचणी ज्या मुलांवरून बेतली, ती आपल्या मुलीसारखी होती का, हाही रास्त प्रश्न आहे. येल विद्यापीठात आर्नल्ड गेसेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बनवलेले विकासाचे तक्ते एका लहान आणि एकसारख्या गटावर आधारलेले होते, आणि तरीही ते दूरदूरच्या मुलांना लावले गेले.

भविष्याविषयी सांगायचे, तर ज्यांच्या नावाने ही मापनश्रेणी ओळखली जाते, त्या नॅन्सी बेली यांनीच याचे उत्तर दिलेले आहे. बर्कलीत १९२८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात त्यांनी तीच मुले जन्मापासून वर्षानुवर्षे तपासली आणि पहिल्या वर्षातले गुण पुढच्या बुद्धिमापनाशी फारसे जुळत नाहीत, असे नोंदवले. वय वाढते तसे गुण स्थिरावत जातात. अडीच वर्षांचे वय या प्रवासाच्या मध्येच कोठेतरी आहे. पाच वर्षांच्या आतील मुलांसाठी, दोन किंवा अधिक क्षेत्रांत अंक दोन पायऱ्या खाली असला, तरी तज्ज्ञ ‘विकासातील सर्वांगीण विलंब’ असेच म्हणतात आणि बौद्धिक अक्षमतेचे निदान नंतरच्या विश्वासार्ह चाचणीपर्यंत राखून ठेवतात, ते याच कारणाने.

पुढची चाचणी लगेच करू नये. तेच ठोकळे, तीच चित्रे पुन्हा पाहिल्याने गुण फुगतात. ती सहा महिने ते वर्षभराने करावी आणि मधल्या काळात ज्या क्षेत्रात अंक कमी आहे, त्यावर काम करावे. चाचणी घेणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून विचारावी : कोणती कामे तिला जमता जमता राहिली? अहवालात ती ‘नाही’ या रकान्यात जातात; पण पुढच्या दोन महिन्यांच्या सरावाची यादी तिथूनच तयार होते. पुन्हा जाताना तिच्या झोपेच्या वेळेआधीची वेळ मागावी, ओळखीचे एखादे खेळणे बरोबर न्यावे आणि घरी ती काय काय करते, याचे दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ दाखवावेत. ते गुणांत धरले जात नाहीत, पण चाचणीत तिने केले नाही आणि तिला येतच नाही, या दोन गोष्टी तपासणाऱ्याला त्यांच्यावरून वेगळ्या करता येतात.